वरची कडी

काकूंचं दार कधीच पूर्ण उघडत नसे. बेल वाजवली की आत बराच वेळ काहीतरी सरकवल्याचा, ओढल्याचा आवाज यायचा आणि मग दार उघडायचं ते वीतभर. त्या फटीत आधी दिसायचा एक पाय. निळ्या सपातेतला, आडवा धरलेला. मग काकू. त्या आपल्या तोंडाकडे बघत नसत, आपल्या पायांपाशी बघत असत. "पटकन या, दार लावा," एवढंच म्हणायच्या. आपण पोट आत घेऊन, आडवं होऊन शिरायचं आणि पाठीमागे दार लावून टाकायचं. ते नीट लागलं अशी खात्री पटली की मग काकू हसायच्या आणि चहाचं विचारायच्या.

"मांजरं बाहेर जातात हो," हे स्पष्टीकरण दर वेळी असायचं.

मला मांजरं आवडत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच प्रेमळ माणूस समजाल. काकूंकडे दोन मांजरं होती. बंडू नावाचा एक लठ्ठ काळा बोका आणि भुरी नावाची एक राखाडी, कायम कुणावर तरी रुसलेली मांजर. दोघं सोफ्यावर झोपायची आणि आपण सोफ्याच्या कडेवर टेकायचं. उठलो की काळ्या पँटवर राखाडी केस आणि खाकी पँटवर काळे केस, असा त्यांचा हिशेब चोख असे.

आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहायला आलो ते २००३ मध्ये. मी नागपूरचा, बायको मेधा पुण्याची, त्यामुळे घरात एकमत असं कशावरच नव्हतं. पण समोर मराठी घर आहे हे कळल्यावर आम्हाला दोघांनाही एकदमच बरं वाटलं. आमची वसाहत म्हणजे एकसारखी विटांची घरं, एकसारखी हिरवळ आणि माणूस औषधालाही दिसायचा नाही. उन्हाळ्यात तर बाहेर पडलं की ओला पंचा तोंडावर टाकल्यागत व्हायचं. काकूंच्या घरामागे पावसाचं पाणी साठवायचं एक तळं होतं. तळ्याकाठी पाटी होती : पोहू नये, मगरी असतात. मला मगर कधी दिसली नाही. पण ते पाणी कधी हलायचंही नाही, आणि मला त्याच्याकडे बघत उभं राहायला आवडत नसे.

काकू मूळच्या कराडच्या. काका समुद्रातल्या तेलविहिरींवरचे इंजिनियर, निवृत्त झालेले. सहा फूट उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट. आयुष्यभर कंपनीने पाठवलं तिथं गेले आणि काकू सोबत गेल्या. मुंबई, बडोदा, मस्कत, स्कॉटलंड, मग ह्यूस्टन आणि शेवटी शुगर लँड. प्रत्येक ठिकाणी एक तरी मांजर पाळलेलं आणि निघताना कुणाच्या तरी पदरात घातलेलं. "मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवतं म्हणतात ना," काकू म्हणायच्या, "तशी माझी झाली. कराडचं धरून हे सातवं. आता या घरातून मी हलणार नाही." हे त्या हसत म्हणायच्या, म्हणून आम्हीही हसायचो.

त्यांना अमेरिकन नागरिकत्व मिळालं तेव्हाची गोष्ट त्या रंगवून सांगायच्या. विमानतळावरचा अधिकारी निळा पासपोर्ट बघून "वेलकम होम" म्हणाला, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, हा कुणाशी बोलतोय म्हणून. कराडला गेल्या की बहीण त्यांना अमेरिकन बाई म्हणायची आणि उकळलेलं पाणी द्यायची. इकडे दुकानातली पोरगी "तुम्ही कुठल्या?" असं विचारायची. कुणी नवीन माणूस भेटला आणि चौकशा करू लागला की काकूंचं ठरलेलं उत्तर असे.

"आम्ही अमेरिकन. परदेशात राहतो."

लोक आधी गोंधळायचे, मग हसायचे. मला मात्र ते वाक्य फार पटायचं, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं असताना तर फारच.

काकांचाही एक विनोद होता. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "नागपूरचे का? मग संत्री आणलीत का?" मी खळखळून हसलो. दुसऱ्या भेटीतही हसलो. नागपूरच्या माणसाला संत्र्यांवरून छळायचा हक्क साऱ्या महाराष्ट्राने आपसूक घेतलेला आहे, त्याची मला सवय होती. काका मात्र दर भेटीत तेच, त्याच सुरात, तोच हात हातात घेऊन विचारायचे. पुढे पुढे मीच म्हणू लागलो, "विसरलो काका, पुढच्या वेळी." काकू तेवढ्यात चहा बघायला आत जायच्या.

एक दिवस काकूंनी मला ड्रिल घेऊन बोलावलं. पुढच्या दाराला आणि गॅरेजकडे जाणाऱ्या दाराला कड्या बसवायच्या होत्या. बंडूला म्हणे दाराच्या दांड्याला लटकून दार उघडता येऊ लागलं होतं. बंडूचा आकार बघता तो दांडाच निखळला असता, पण मी वाद घातला नाही. मी कडी मांजराच्या उंचीला धरली. काकू म्हणाल्या, खाली नको, वर बसवा. मी कमरेपर्यंत आणली. त्या म्हणाल्या, अजून वर. शेवटी त्यांनी मला स्टुलावर चढवून दाराच्या पार वरच्या कोपऱ्यात भोकं पाडायला लावली.

"काकू, तुमचाच हात पोचणार नाही इथं," मी म्हणालो.

"स्टूल आहे की," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसवा."

सुतारकाम हा काही माझा प्रांत नव्हे. पुढच्या दाराची कडी जरा तिरकी बसली. ती काढताना आधी दार खांद्याने किंचित वर उचलायचं आणि मग दांडी ओढायची, अशी युक्ती करावी लागे, आणि त्यातही ती कुरकुरायची. काकूंना ती युक्ती लगेच जमली. मेधा मला आठवडाभर त्या कडीवरून बोलत होती. पण मांजर अडवायला दाराच्या पार वरच्या कोपऱ्यात कडी कशाला, हा प्रश्न आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नाही. आणि मागच्या सरकत्या दाराच्या खाचेत काकूंनी झाडूचा दांडा कापून आडवा बसवला होता, तोही आम्ही बंडूच्याच खात्यावर टाकला.

त्या सुमारास काकूंनी मराठी मंडळात येणं बंद केलं. गणपतीला त्यांचे उकडीचे मोदक ठरलेले असत. त्या वर्षी मोदक आले, काकू आल्या नाहीत. मोदक आणायला मीच गेलो तेव्हा त्यांनी डबा फटीतूनच दिला. भुरीला बरं नाही म्हणाल्या. संक्रांतीला बंडूला बरं नव्हतं. मंडळात त्यांना मांजरवाल्या काकू हे नाव पडलं. माणसं सोडून मांजरांत जीव गुंतवणारी बाई, अमेरिकेत राहून असंच होतं, वगैरे लोक बोलायचे. मीही त्यात दोन विनोद घातले असतील. लोकांना हसवायची संधी मी सहसा सोडत नाही.

मनात पाल चुकचुकली ती एका वसंतातल्या दुपारी. मी त्यांचं चुकून आमच्याकडे आलेलं टपाल द्यायला गेलो. फटीतून आत शिरलो तर दाराशी वर्तमानपत्रावर काकांचे बूट वाळत होते. चांगले कातडी बूट, आणि घोट्यापर्यंत काळा चिखल. आमच्या वसाहतीत सगळीकडे सिमेंट आणि हिरवळ. असा चिखल फक्त एकाच ठिकाणी होता, तळ्याच्या काठाला.

काकूंनी माझी नजर पाहिली. म्हणाल्या, भुरी निसटली होती, हे तिच्यामागे गेले. भुरी सोफ्यावर झोपलेली होती. तिच्या पायाला चिखलाचा एक ठिपका नव्हता. काका खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते, पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्यांनी माझ्याकडे बघून छान हसून विचारलं, "नागपूरचे का?" या वेळी मला हसू आलं नाही.

घरी येऊन मी मेधाला म्हणालो, काहीतरी आहे. ती म्हणाली, लोकांच्या घरात नाक खुपसू नकोस. तिचं बरोबर होतं. पण तेव्हापासून संध्याकाळी गाडी वळवताना मी एकदा तळ्याकडे बघून घ्यायचो. पाणी तसंच असायचं, आणि मला बरं वाटायचं, आणि मग बरं वाटल्याचंच वाईट वाटायचं.

२००५ च्या सप्टेंबरात एक मोठं वादळ आमच्या दिशेने निघालं. टीव्हीवर दिवसभर तो पांढरा भोवरा फिरत होता आणि त्याच्या वाटेवर आमचं गाव होतं. पूर्वेकडे काही आठवड्यांपूर्वीच एक शहर पाण्याखाली गेलेलं सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे कुणी थांबायला तयार नव्हतं. एकाच सकाळी सगळं शहर गाड्या घेऊन रस्त्यावर आलं. आमची गाडी पुढे, काकूंची मागे. गाडी काकू चालवत होत्या. पेटीत घातलेली मांजरं मागच्या सीटवर, काका शेजारी, पट्टा बांधून.

तुम्ही त्या रस्त्यावर असाल तर तुम्हाला सांगायला नको. नसाल तर एवढंच सांगतो, की सकाळी निघालेलो आम्ही दुपारपर्यंत जेमतेम शेजारच्या गावापर्यंत सरकलो होतो. पेट्रोल पुरवायला हवं म्हणून लोकांनी एसी बंद केलेले, काचा खाली. दोन्ही बाजूंना कुंपणाआड शेतं आणि गाई. कुणी हॉर्नही वाजवत नव्हतं. हजारो गाड्या आणि इतकी शांतता, हे मी आयुष्यात पुन्हा कधी अनुभवलं नाही आणि अनुभवायची इच्छाही नाही.

काकू खाली उतरून आमच्या गाडीशी आल्या. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं घेऊन. मेधाशी काहीतरी बोलल्या, पाणी पुरेल का म्हणाल्या. फार वेळ नाही, पुरी तोंडात घालून गिळेपर्यंतचा. मग मागे वळल्या आणि जागच्या जागी थांबल्या. त्यांच्या गाडीचं पलीकडचं दार सताड उघडं होतं.

मला पेटी दिसत होती. पेटीत बंडूचं काळं धूड दिसत होतं. मी ओरडून सांगितलं, "काकू, मांजरं आहेत. दोन्ही आहेत."

काकू पळत सुटल्या होत्या. त्यांनी पेटीकडे बघितलंही नाही. साठी उलटलेली, ठेंगणी बाई निळ्या सपातांत त्या गाड्यांमधून अशी पळत होती, की मला गाडी सोडून त्यांच्यामागे धावायला काही क्षण गेले. त्या मांजरांना हाका मारत नव्हत्या. काकांचं नाव घेऊन हाका मारत होत्या, ज्या नावाने मी त्यांना कधी हाक मारताना ऐकलं नव्हतं.

काका कुंपणाशी सापडले. एका ट्रकवाल्याने त्यांचा दंड धरून ठेवला होता आणि त्यांना पाण्याची बाटली देत होता. काका त्याला इंग्रजीत समजावत होते, की त्यांची शिफ्ट सुरू व्हायची वेळ झाली आहे, हेलिकॉप्टर निघून जाईल, विहिरीवर माणसं खोळंबली आहेत. अगदी अधिकाराने सांगत होते. तो बिचारा "येस सर, येस सर" म्हणत होता.

काकू धापा टाकत समोर उभ्या राहिल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ओळख नसलेल्या बाईशी बोलावं तसं थोडं मागे सरून, अदबीने विचारलं, "तुम्ही नागपूरच्या का? संत्री आणलीत?"

पदर नव्हता, तरी पदराने पुसावं तसं काकूंनी कपाळ पुसलं. म्हणाल्या, "हो. गाडीत आहेत. चला."

आणि काका त्यांच्यासोबत शहाण्यासारखे चालू लागले. मी मागे चालत होतो. पाठमोरे ते दोघं, एक उंच आणि एक ठेंगणी, हातात हात. मला रडू आलं, आणि ते मेधाला दिसू नये म्हणून मी उगाच गाईंकडे बघत राहिलो.

ते वादळ ऐन वेळी पूर्वेला वळलं. आम्ही सगळे जसे गेलो तसे परत आलो. घराच्या एका कौलालाही धक्का लागला नव्हता. पण काकूंनी परत आल्यावर आम्हाला दोघांना बोलावलं, पटकन आत घेतलं, दार लावलं, आणि मग स्टुलावर चढून वरची कडी घातली. पहिल्यांदाच आमच्यासमोर घातली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता.

काकांचं विसरणं चारएक वर्षांपासून सुरू होतं म्हणाल्या. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टरांनीच एकदा सांगितलं, की कडी नेहमीच्या जागी नको, वर लावा. हात पोचतो, पण या माणसांच्या लक्षात येत नाही. आणि खरंच, सहा फुटांचे काका त्या दाराशी उभे राहायचे, दांडा हलवायचे, थकून परत यायचे. नुसता हात वर केला असता तर कडीला लागला असता. ते वर बघतच नसत.

मी म्हणालो, मुलीला सांगा. मुलगी डेन्व्हरला होती, नोकरीत होती, दोन लहान पोरं होती. दर रविवारी फोन करायची. काकू काकांच्या शेजारी बसून त्यांच्या कानात शब्द पुरवायच्या आणि काका फोनमध्ये "ऑल गुड, बेटा, ऑल गुड" म्हणायचे. तिला वाटायचं, बाबा निवृत्त झाल्यापासून जरा अबोल झाले आहेत.

"सांगितलं की ती येईल," काकू म्हणाल्या. "आली की बघेल. बघितलं की त्यांना ठेवायला जागा शोधेल. ती वाईट नाही हो, इथली आहे, इथं असंच करतात. त्या जागांना दाराला आकडे दाबावे लागतात म्हणे, तेव्हा उघडतात."

"मग इथं तरी काय आहे?" मी जरा चिडूनच म्हणालो. "इथंही कडीच आहे ना?"

काकूंनी मांडीवर थोपटलं. भुरी त्यांच्या मांडीवर येऊन बसली.

"ही कडी मी लावते," त्या म्हणाल्या. "फरक आहे."

मेधाने विचारलं, आणि उद्या तुम्हाला काही झालं तर? मला वाटलं, हे विचारायला नको होतं. पण काकू हसल्या. "अमेरिकन मांजराला नऊ जन्म असतात म्हणे. मी सिटिझन आहे." मग गंभीर होऊन म्हणाल्या, मंडळात बोलू नका. लोक भेटायला येतील, फळं आणतील आणि यांच्याकडे बघत बसतील. यांना ते आवडणार नाही. मांजरांवर भागतंय तोवर भागवू दे.

पुढची तीन वर्षं मांजरांवर भागलं. मंडळात कुणी मांजरवाल्या काकूंचा विषय काढला की मी उठून पाणी प्यायला जायचो. एकदा कुणीतरी म्हणालं, "यार, त्या काकांना तर कोंडूनच ठेवलंय मांजरांसोबत." मी त्याला इतकं लागेल असं बोललो, की त्याने आमच्याकडचं जेवण कॅन्सल केलं.

काकूंनी आपल्या घराची एक किल्ली आम्हाला देऊन ठेवली. तिचा उपयोग काय, हे मी विचारलं नाही. आतून वरची कडी असली तर ती किल्ली नुसतीच फिरणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. काका आता फारसे बोलत नसत. संत्र्यांचं विचारणंही थांबलं, आणि ज्या प्रश्नाचा मला कंटाळा आला होता त्याची मी दाराशी उभा राहून वाट बघू लागलो. काकू वाळत चालल्या होत्या. स्टुलावर चढताना भिंतीचा आधार घ्यायच्या. पण दारातला पाय तोच, आडवा, आणि "पटकन या, दार लावा" त्याच सुरात. काका मागे खुर्चीत बसून त्या दाराकडे, त्या पायाकडे तासन् तास बघत असत. मला वाटायचं, ते काहीच बघत नाहीत.

२००८ च्या सप्टेंबरात पुन्हा एक वादळ निघालं. या वेळी आमच्या भागाला निघून जा असा हुकूम नव्हता, पण वीज जाणार हे नक्की होतं. आमचं बाळ जेमतेम तीन महिन्यांचं होतं. ऑस्टिनला मित्राकडे जायचं ठरलं. मी सकाळी काकूंना न्यायला गेलो.

दार वीतभर उघडलं. काकूंनी मला आत बोलावलं नाही.

"आम्ही नाही येत," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळचं विसरलात का?"

मी सांगितलं, मी काकांशेजारी बसेन, मेधा गाडी ड्राइव्ह करेल, दाराला लहान मुलांचं कुलूप आहे. त्या मान हलवत राहिल्या. मी रागावलो. म्हणालो, आठवं घर नाही काकू, दोन दिवसांचा प्रश्न आहे. त्यांनी फटीतून हात बाहेर काढला आणि माझ्या दंडावर ठेवला. हात गार होता. "घर नीट आहे, पाणी भरून ठेवलंय, पुऱ्या केल्या आहेत. तुमच्याही बांधून ठेवल्यात, थांबा." पुऱ्यांचा डबा देऊन त्या म्हणाल्या, "निघा पटकन. दार लावते."

मी फाटकापाशी पोचेपर्यंत मागे कडीची कुरकुर ऐकू आली.

वादळ आमच्यावरूनच गेलं. आम्ही ऑस्टिनहून फोन लावत होतो, लागत नव्हता. कुणाचाच लागत नव्हता, म्हणून त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. रस्ते उघडल्यावर मी एकटाच आधी परत आलो. वसाहतीत झाडं आडवी पडली होती, कुंपणं उडाली होती, वीज नव्हती. तळं भरून हिरवळीवर आलं होतं. वारा मात्र पूर्ण पडलेला, आणि ऊन असं, की जणू काही झालंच नव्हतं. माझ्या घराकडे मी बघितलंही नाही. सरळ समोर गेलो.

बेल वाजणार नव्हती, वीज नव्हती. मी दार ठोठावलं. हाक मारली. आतून बंडूचं ओरडणं ऐकू आलं. मी किल्ली फिरवली. ती फिरली आणि दार हललं नाही. मी खांदा लावला. माझीच तिरकी कडी, पण पक्की बसली होती. पुन्हा हाका मारल्या. मागच्या दाराची काच फोडायची म्हणून मी दगड शोधायला वळलो, तेवढ्यात आत पावलं वाजली.

सावकाश, जड पावलं. काकूंची नव्हेत. ती दाराशी येऊन थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग दार किंचित वर उचललं गेलं आणि कडी कुरकुरत सरकली. स्टूल ओढल्याचा आवाज आला नाही.

इतक्या वर्षांत ज्या माणसाने एकदाही वर पाहिलं नव्हतं त्याने कडी काढली, याचा अर्थ एकच होता. कडी काढायला दुसरं कुणी उठलं नव्हतं.

दार उघडलं, वीतभर. त्या फटीत आडवा पाय होता. मोठा, अनवाणी. काका माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, माझ्या पायांपाशी बघत होते.

"पटकन या," ते म्हणाले. "दार लावा."

मी पोट आत घेऊन आडवा शिरलो आणि दार लावलं. काकांनी तोंडावर बोट ठेवलं. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. काकांनी त्यांच्या अंगावर शाल पांघरली होती, त्या उकाड्यात, गळ्यापर्यंत, नीट दोन्ही बाजूंनी खोचून. पायाशी पाण्याचा पेला ठेवलेला. मांडीवर भुरी बसली होती आणि मी जवळ गेलो तरी ती हलली नाही. डॉक्टर नंतर म्हणाले हृदय, झोपेतच, त्रास झाला नसावा. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं. पण काकूंचा चेहरा बघून मला ते खरं वाटलं, आणि अजूनही वाटतं. राग मात्र अजून येतो. फटीतून बाहेर आलेला तो गार हात मला धरून ओढता आला असता असं नाही, त्या आल्याच नसत्या. तरी राग येतो.

मुलगी आली. तिला सगळं एकदमच कळलं. ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "व्हाय डिडन्ट शी टेल मी?" मी तिला कडीबद्दल सांगितलं, आणि त्या कडीबद्दल आई काय म्हणाल्या होत्या तेही. ती दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली. मग मराठीत म्हणाली, "आईचा हात पोचत नव्हता तिथं." मी म्हणालो, स्टूल होतं.

बंडूला तिच्या एका मैत्रिणीने नेलं. भुरी आमच्याकडे आली. तिला मी अजूनही आवडत नाही.

काकांना न्यायच्या दिवशी मी मदतीला गेलो. बॅगा गाडीत ठेवून झाल्या होत्या. घर रिकामं, पडदे काढलेले. मुलगी हात धरून त्यांना हळूहळू बाहेर आणत होती. उंबऱ्याशी ते अडले. त्यांनी वळून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संत्र्यांचं विचारतील.

"दार नीट लावा," ते म्हणाले. "ती आत आहे."

मुलीने तोंड फिरवलं. मी दार ओढून लावलं. लागलं की नाही ते हलवून पाहिलं आणि म्हणालो, "लावलं काका." मग ते गाडीकडे चालू लागले.